व्हायरल लोड निल आहे, मग गर्भाशयमुखाची तपासणी कशाला? दोन विषाणूंचा इतिहास

"डॉक्टर, माझ्या एआरटीच्या गोळ्या वेळेवर चालू आहेत. व्हायरल लोड निल आलाय. वजनपण वाढलं. मग आता ही खालची तपासणी कशाला?"

परभणीत ओपीडीत बसल्यावर हा प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकू येतो. प्रश्न रास्त आहे. ज्या बाईने दहा-पंधरा वर्षे एकही गोळी न चुकवता एचआयव्हीला ताब्यात ठेवले, तिला आणखी एक तपासणी सांगितली की "आता हे काय नवीन?" असे वाटणारच.

उत्तर तसे छोटे आहे. तुमची गोळी एचआयव्हीला दाबून ठेवते. गर्भाशयाच्या मुखाचा, म्हणजे पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या दुसऱ्याच विषाणूमुळे होतो आणि त्या विषाणूवर ही गोळी काम करत नाही.

पण एवढे ऐकून कुणी तपासणीला जात नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून आज या दोन विषाणूंचा इतिहासच तुमच्यासमोर मांडतो. त्यातला एक महत्त्वाचा भाग लांब कुठे घडलेला नाही. परळी, अंबाजोगाई, कळंब मागे टाकून पुढे गेलात की जी गावे लागतात, त्या गावांत तो घडला आहे.

सुरुवातच कॅन्सरने झाली होती

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या सरकारी आरोग्य साप्ताहिकात एक छोटी नोंद छापून आली. लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुण पुरुषांना एक विचित्र न्यूमोनिया झाला होता. प्रतिकारशक्ती ढासळल्याशिवाय तो सहसा होत नाही. महिन्याभरात, ३ जुलैला, दुसरी नोंद आली. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियातल्या २६ पुरुषांना कापोसी सार्कोमा नावाचा कातडीचा दुर्मीळ कॅन्सर झाला होता.

म्हणजे एड्स जगाला पहिल्यांदा दिसला तो न्यूमोनिया आणि कॅन्सर अशा दोन रूपांत. त्या वेळी एचआयव्ही हे नावही नव्हते. प्रतिकारशक्ती गेली की कॅन्सर का येतो, हेही नीट कळत नव्हते. पुढे १९९४ साली कापोसी सार्कोमामागेही एक विषाणूच असल्याचे सापडले. मग चित्र उलगडत गेले. काही विषाणू आपल्या शरीरात वर्षानुवर्षे गुपचूप बसून असतात. प्रतिकारशक्ती जागी असते तोवर ते डोके वर काढत नाहीत. एचआयव्ही प्रतिकारशक्तीचे पहारेकरी, म्हणजे सीडी४ पेशी, मारतो आणि या दुसऱ्या विषाणूंना रान मोकळे मिळते.

आपल्याकडे कापोसी सार्कोमा फारसा दिसत नाही. आपल्याकडच्या एचआयव्ही असलेल्या स्त्रियांना जास्त धोका आहे तो गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा.

एकाच वर्षी सापडलेले दोन शत्रू

१९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाझ बारे-सिनुसी आणि ल्यूक मोंतान्ये यांच्या गटाने एड्सचा विषाणू शोधला. त्याच वर्षी जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउसेन यांच्या गटाला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या गाठींत एचपीव्ही १६ सापडला. पाठोपाठ एचपीव्ही १८ मिळाला. हा कॅन्सर नागिणीच्या कुळातल्या हर्पिस विषाणूमुळे होत असावा, असे त्याआधी बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटत होते. त्सुर हाउसेन अनेक वर्षे एकटेच वेगळे म्हणत होते.

२००८ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल या तिघांना एकत्र मिळाले. अर्धे एचपीव्हीच्या शोधासाठी, अर्धे एचआयव्हीच्या. दोन्ही शोध एकाच व्यासपीठावर आले. आपल्या दवाखान्यांत मात्र या दोन आजारांच्या खिडक्या अजून वेगवेगळ्या आहेत. एका खिडकीवर गोळ्या मिळतात. दुसरीकडे जा म्हणून सांगायचे अनेकदा राहून जाते.

आता एचपीव्हीबद्दल थोडे. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि तो अतिशय सामान्य आहे. संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याची लागण होते. त्यात कुणाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही. एकाच जोडीदारासोबत संसार केलेल्या बाईलाही तो होतो. बहुतेकींचे शरीर एक-दोन वर्षांत त्याला हुसकावून लावते. थोड्याजणींमध्ये तो ठाण मांडून बसतो, पिशवीच्या तोंडावरच्या पेशी हळूहळू बदलवतो आणि पुढे त्यातूनच कॅन्सर होतो.

हे "हळूहळू" किती? प्रतिकारशक्ती चांगली असेल तर साधारण १५ ते २० वर्षे. उपचार न घेतलेल्या एचआयव्हीमध्ये ५ ते १० वर्षे. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांना या कॅन्सरचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे सहापट असतो. हे आकडे तुम्हाला घाबरवण्यासाठी सांगत नाही. पाच वर्षे हाही मोठा काळ आहे. कॅन्सर होण्याच्या आधीच तो पकडायला एवढा वेळ दुसऱ्या फार कमी कॅन्सरमध्ये मिळतो.

बायकांची नोंद उशिरा झाली

भारतात एचआयव्ही पहिल्यांदा आढळला १९८६ साली, चेन्नईत. डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या देखरेखीखाली त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी गोळा केलेल्या रक्ताच्या नमुन्यांत तो सापडला. १९९२ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, उभी केली. त्याच वर्षी पुण्यात भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली.

त्या काळात एड्सच्या आजारांची जी यादी जगभर वापरली जायची, ती प्रामुख्याने पुरुष रुग्ण पाहून बनलेली होती. त्यामुळे एचआयव्ही असलेली बाई गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने गेली तरी तिच्या कागदावर एड्स लिहिला जात नसे. अमेरिकेत स्त्रियांनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी यावर आवाज उठवला. १ जानेवारी १९९३ पासून हा कॅन्सर त्या यादीत आला.

आपल्याकडे तेव्हा परिस्थिती आणखी बिकट होती. औषधेच नव्हती. प्राथमिक पातळीवरच्या डॉक्टरच्या हातात टीबीची औषधे, तोंडातल्या बुरशीचे औषध, जुलाबासाठी सलाईन आणि धीराचे दोन शब्द, एवढेच होते. नवरा गेला, पाठोपाठ बायको गेली, लेकरं आजीकडे राहिली, अशी घरे मराठवाड्यातल्या गावोगावी झाली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. कॅन्सर व्हायला वर्षे लागतात. त्या काळातल्या बायका टीबीने आणि न्यूमोनियाने इतक्या लवकर गेल्या की कॅन्सरची पाळीच येत नव्हती.

गोळी आली आणि आयुष्य लांबले

१९९६ साली तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत आली. अमेरिकेत आणि युरोपात एड्सचे मृत्यू झपाट्याने घटले. पण खर्च होता वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर. आपल्याकडे कुणाला परवडणार? मग फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी हीच तीन औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरपेक्षाही कमी दरात, देण्याची तयारी दाखवली. जगभरच्या गरीब देशांसाठी दार उघडले ते तिथून.

१ एप्रिल २००४ रोजी भारत सरकारने मोफत एआरटी सुरू केली. सुरुवातीला आठच केंद्रे होती. महाराष्ट्रातून मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाचा त्यांत समावेश होता. आज जी बाई परभणीत महिन्याच्या तारखेला जाऊन गोळ्या घेऊन येते, तिला सुरुवातीच्या त्या दिवसांत गोळ्यांसाठी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठावी लागली असती.

सुरुवातीला सीडी४ दोनशेच्या खाली गेल्यावरच गोळ्या मिळत. मग तो आकडा टप्प्याटप्प्याने वर नेला गेला. त्यामागे पुरावा होता आणि त्यात पुण्याचाही वाटा आहे. एका जोडीदाराला एचआयव्ही आहे आणि दुसऱ्याला नाही, अशा १,७६३ जोडप्यांचा एक अभ्यास नऊ देशांत झाला. पुणे आणि चेन्नई ही त्यातली भारतातली केंद्रे. २०११ साली निष्कर्ष आला की लवकर गोळ्या सुरू केल्या तर जोडीदाराला लागण होण्याचा धोका ९६ टक्क्यांनी घटतो. २०१५ मध्ये 'स्टार्ट' नावाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली. सीडी४ चांगला असतानाच गोळ्या सुरू केलेल्यांत गंभीर आजार निम्म्याहून कमी झाले आणि त्या आजारांत कॅन्सरही होते. २०१७ पासून भारतात निदान झाले की लगेच गोळ्या, असे धोरण झाले.

म्हणून आजचे चित्र वेगळे आहे. गोळी वेळेवर घेणारी बाई मुलांची लग्ने पाहते, नातवंडे खेळवते. आयुष्य लांबले ही आनंदाची गोष्ट आहे. पण जो कॅन्सर व्हायला वर्षे लागतात, त्यालाही आता तेवढी वर्षे मिळतात. शिवाय आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या अनेकजणींचा सीडी४ गोळ्या सुरू होण्याआधी बराच खाली गेलेला होता. एचपीव्हीने तेव्हाच ठाण मांडलेले असू शकते. गोळीमुळे प्रतिकारशक्ती सुधारते, पेशींमधले बदल काही प्रमाणात मागेही हटतात. पण त्याची खात्री फक्त तपासणीनेच होते.

बार्शीची वही

आता दुसऱ्या विषाणूकडे वळू आणि आपल्या भागात येऊ.

१९८७ साली बार्शीला एक काम सुरू झाले. कुठल्या गावात कुणाला कोणता कॅन्सर झाला, याची नोंद ठेवायची. शहरांत अशा नोंदवह्या आधीपासून होत्या. खेड्यांसाठी भारतातली ही पहिलीच. टाटा मेमोरियलच्या डॉ. कस्तुरी जयंत आणि बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलचे डॉ. भगवान नेने यांच्या पुढाकारातून ती उभी राहिली. सोलापूर जिल्ह्यातला बार्शी तालुका आणि मराठवाड्यातले परांडा व भूम हे तालुके त्यात घेतले होते.

खेड्यात नोंद ठेवायची म्हणजे दवाखान्यात बसून भागत नाही. अनेक रुग्ण दवाखान्यापर्यंत पोहोचतच नाहीत. म्हणून कार्यकर्ते गावोगावी जायचे, लोकांशी बोलायचे, कुणाच्या अंगावरून फार जाते, कुणाची जखम भरत नाही, असे विचारायचे आणि संशयित रुग्णाला तपासणीला आणायचे. त्या वहीतून दिसले की या खेड्यांतल्या बायकांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर गर्भाशयमुखाचा होता आणि बहुतेकजणी फार उशिरा येत होत्या.

आणखी एक गोष्ट दिसली, आणि आज हा लेख लिहिताना मला तिचाच आधार वाटतो. गावात जाऊन लक्षणे समजावून सांगायला सुरुवात केल्यावर लवकरच्या टप्प्यात येणाऱ्या बायकांचे प्रमाण वाढले. नवे मशीन आले नव्हते की नवे औषध निघाले नव्हते. फक्त माहिती पोहोचली होती.

धाराशिवच्या सव्वा लाख बायका

या कामातूनच पुढचा मोठा अभ्यास उभा राहिला. ऑक्टोबर १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांना त्यात घेतले गेले. गावांचे ५२ गट करून चार भाग पाडले. एका भागात एचपीव्हीची तपासणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, तिसऱ्यात व्हिनेगरसारख्या पातळ आम्लाची तपासणी आणि चौथ्या भागात नेहमीचीच आरोग्य सेवा.

या तपासण्या साध्या भाषेत अशा. पॅप स्मिअरमध्ये पिशवीच्या तोंडावरच्या पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. व्हिनेगरच्या तपासणीत, जिला डॉक्टर 'व्हीआयए' म्हणतात, पिशवीच्या तोंडाला पातळ अ‍ॅसेटिक आम्ल लावून मिनिटभर थांबतात. बदललेला भाग पांढरा दिसतो. एचपीव्ही तपासणीत नमुना घेऊन त्यात विषाणूच आहे का, ते प्रयोगशाळेत पाहतात.

आठ वर्षांनी हिशेब मांडला गेला. नेहमीच्या सेवेच्या गटात सुमारे ३१ हजार स्त्रिया होत्या. त्यांतल्या ६४ जणी या कॅन्सरने गेल्या. एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४ हजारांहून जास्त स्त्रिया होत्या. त्यांतल्या ३४ जणी गेल्या. पुढच्या टप्प्यात पोहोचलेले कॅन्सर एका गटात ८२, दुसऱ्यात ३९. आयुष्यात एकदा केलेल्या एका तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये हा निष्कर्ष जगातल्या अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही तपासणीला पहिली पसंती दिली, त्यामागच्या पुराव्यात धाराशिवच्या या बायका आहेत.

या अभ्यासावर टीकाही झाली आणि ती सांगायला हवी. चौथ्या गटातल्या स्त्रियांना तपासणीविना ठेवणे योग्य होते का, असा प्रश्न विचारला गेला. त्या ६४ जणींकडे पाहिले की तो प्रश्न टाळता येत नाही. त्यांचे ऋण फेडायचे तर त्यांच्यामुळे जे कळले ते वापरणे, एवढेच आपल्या हातात आहे.

धाराशिवमध्ये एकदाच केलेल्या व्हिनेगरच्या तपासणीने मृत्यू स्पष्टपणे घटलेले दिसले नाहीत. पण मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या गटाने हीच तपासणी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा केली. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, त्या प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य कार्यकर्त्या होत्या. तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे साधी तपासणीही उपयोगाची आहे, पण ती एकदा करून भागत नाही.

पुरावा इथला, तपासणी कुठे?

२०१६ साली सरकारने तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी तिशीपुढच्या लोकांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत नेण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. पण २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेल्या फक्त १.९ टक्के निघाल्या. शंभरात दोघीसुद्धा नाहीत.

तपासणी पोहोचली नाही, पण कॅन्सरची भीती मात्र पोहोचली. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची पाहणी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने केली. सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली होती. "पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, काढून टाका" असे आपल्याला सांगितले गेले, हे त्यांतल्या अनेकींनी बोलून दाखवले. आपल्या गंगाखेड, सोनपेठ, पाथरी भागातूनही टोळ्या ऊसतोडीला जातात. त्यामुळे ही गोष्ट आपल्याला परकी नाही.

व्हिनेगरच्या तपासणीला काही मिनिटे लागतात आणि खर्च नगण्य असतो. ती न करता सगळी पिशवीच काढायची, हा उपचार नाही. पांढरे जाणे, कंबर दुखणे एवढ्यावरून कॅन्सरचे निदान होत नाही. कुणी कॅन्सरची भीती घातली तर आधी विचारा, "कोणती तपासणी केली? रिपोर्ट दाखवा." हा प्रश्न विचारणे तुमचा हक्क आहे.

लसीची गोष्ट

२००९ साली भारतात एचपीव्ही लसीचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्याच्या केंद्रांत बार्शी, पुणे आणि मुंबईही होती. मुलींना दोन डोस द्यावेत की तीन, हे पाहायचे होते. एप्रिल २०१० मध्ये आंध्र आणि गुजरातमधल्या एका वेगळ्याच लस प्रकल्पावरून वाद झाला आणि देशातले असे सगळे काम थांबले. त्यामुळे या अभ्यासातल्या हजारो मुलींना एकच डोस मिळाला होता.

संशोधकांनी त्या मुलींची साथ सोडली नाही. पुढे दहा वर्षे त्यांना तपासत राहिल्यावर दिसले की एकाच डोसनेही एचपीव्ही १६ आणि १८ पासून भक्कम संरक्षण मिळाले. ठरवून न झालेल्या या अभ्यासाने जगाला एका डोसचा भरवसा दिला. २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 'सर्व्हाव्हॅक' या भारतीय लसीला मंजुरी मिळाली.

एचआयव्ही असलेल्या मुलींसाठी मात्र एक डोस पुरेसा धरत नाहीत. त्यांना किमान दोन आणि शक्यतो तीन डोस द्यावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलगी एआरटीवर असेल तर लस देणाऱ्या डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. लस घेतली तरी पुढे मोठेपणी तपासणी करावीच लागते, हेही लक्षात ठेवा.

तर आता तुम्ही काय करायचे?

तुम्हाला एचआयव्ही असेल आणि शरीरसंबंध आलेले असतील, तर गर्भाशयमुखाची तपासणी वयाच्या पंचविशीपासून सुरू करा. इतर स्त्रियांसाठी ही मर्यादा तीस आहे. एचपीव्ही तपासणी होत असेल तर दर ३ ते ५ वर्षांनी. ती मिळत नसेल तर व्हीआयए किंवा पॅप, दर तीन वर्षांनी.

पुढच्या वेळी गोळ्या आणायला जाल तेव्हा स्वतःहून विचारा, "माझी पिशवीच्या तोंडाची तपासणी कधी झाली होती? कार्डावर लिहिलंय का?" झाली नसेल तर त्याच फेरीत स्त्रीरोग ओपीडी गाठा. भाडेही वाचेल, दिवसही. पाळी चालू असताना मात्र जाऊ नका.

तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणजे कॅन्सर झाला असे नाही. बहुतेकींमध्ये कॅन्सरच्या आधीचे बदल असतात किंवा तेही नसतात. ते बदल उष्णता देऊन किंवा छोटा तुकडा काढून ओपीडीतच बरे करता येतात. पिशवी काढायची गरज सहसा पडत नाही. पण पुढच्या तारखेला यायला विसरू नका. तपासणी केली आणि उपचाराला आलीच नाही, तर तपासणी वाया जाते.

पिशवी आधीच काढलेली असेल तरीही डॉक्टरांना सांगा. ती का काढली, पिशवीचे तोंड शिल्लक आहे का, हे कागदांवरून पाहावे लागते. जुने कागद टाकून देऊ नका.

संबंधानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे, पाळी बंद झाल्यावर पुन्हा अंगावर जाणे, घाण वासाचे पाणी जाणे, यांपैकी काहीही झाले तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका. लगेच या.

पुरुषांसाठीही दोन शब्द. यकृताचा कॅन्सर करणारा हिपॅटायटिस बी हा तिसरा विषाणू एचआयव्हीसोबत असू शकतो. आज बहुतेकांना मिळणाऱ्या एआरटीच्या गोळीतली टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडिन ही औषधे एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी दोन्हींवर काम करतात. म्हणून गोळी मनानेच बंद केली तर दोन्ही आजार उसळतात. बी आणि सी, दोन्ही हिपॅटायटिसची तपासणी एकदा करून घ्या. हिपॅटायटिस सी बहुतेकांत तीन महिन्यांच्या औषधांनी पूर्ण बरा होतो. मानेत, काखेत, जांघेत वाढत जाणारी गाठ किंवा तोंडातली न भरणारी जखम अंगावर काढू नका. आणि तंबाखू, गुटखा, विडी, मिसरी सोडा. कॅन्सरचे विषाणू आणि तंबाखू यांची जोडी फार वाईट.

"तपासणीला गेले तर तिथे सगळ्यांना कळेल" ही भीती अनेकींना असते. एचआयव्हीसंबंधी २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तुमची माहिती गुप्त ठेवणे दवाखान्याला बंधनकारक आहे आणि एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणे हा भेदभाव ठरतो. गर्भाशयमुखाची तपासणी तशी प्रत्येकच बाईने करायची असते. त्या रांगेत उभे राहिल्याने कुणालाही काही कळत नाही.

सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत येतो. व्हायरल लोड निल आहे, मग तपासणी कशाला? निल आहे म्हणूनच. तुमच्यापुढे आता बरीच वर्षे आहेत. एका विषाणूपासून ती वर्षे तुम्ही स्वतः, रोजच्या एका गोळीने, मिळवली आहेत. दुसऱ्या विषाणूच्या हाती ती जाऊ द्यायची नाहीत. परांडा-भूमच्या आणि धाराशिवच्या बायकांनी त्याचा मार्ग आधीच दाखवून ठेवला आहे.

पुढच्या तारखेला गोळ्यांसोबत ही तपासणीही करून या. आणि येताना शेजारणीलाही सोबत घ्या, तिला एचआयव्ही असो वा नसो.